मिशनच्या विमानांचा मेकॅनिक व्हायचं असेल तर

दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी असं होतं. उपासना सुटते, बाहेर चपला शोधत असताना कुणीतरी आई मुलाला पुढे करते. "भाऊ, याला विमानांचं वेड आहे, आणि प्रभूच्या सेवेत जायचं म्हणतो. पायलटचा खर्च काही आम्हाला झेपायचा नाही. मेकॅनिक तरी होईल का हा?"

त्या 'तरी'ला मी आधी हरकत घेतो. १९४६ साली बेटी ग्रीन या महिला वैमानिकाने एक जुनं वाको विमान मेक्सिकोला नेलं. आज 'मिशन एव्हिएशन फेलोशिप', म्हणजे एमएएफ, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचं ते पहिलं विमान. बायबलचं भाषांतर करणाऱ्यांची जंगलात ने-आण सुरू झाली, आणि त्याच वर्षी एका धावपट्टीवर उतरताना ते विमान मोडलं. सेवा जागच्या जागी थांबली. ते उभं करायला ज्याला पाठवलं तो नेट सेंट युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात विमानांचं मेकॅनिकचं काम शिकला होता. १९४८ पासून तो एक्वादोरमध्ये विमान चालवू लागला, आणि उडताना इंधनाचा पुरवठा तुटला तर इंजिन चालू राहावं म्हणून त्याने स्वतःच्या हातांनी पर्यायी व्यवस्था बसवली. ८ जानेवारी १९५६ ला चार सहकाऱ्यांसह तो मारला गेला. मंडळीत ती शेवटची हकीकत सगळ्यांना माहीत असते. मुलांना मी त्याच्या आधीची वर्षं सांगतो, हातात पाना घेतलेली.

मी लहान पिस्टन विमानांवर एएमई, म्हणजे विमानांच्या देखभालीचा लायसन्स असलेला इंजिनिअर, म्हणून काम केलं आहे. म्हणून हा लेख त्या मुलासाठी, त्याच्या आईसाठी, आणि शिफारसपत्र लिहायला बसलेल्या पाळकसाहेबांसाठीही.

काम कुठे आणि कशावर

मिशनची विमानं जिथे रस्ता संपतो तिथे उडतात. पापुआ न्यू गिनीतल्या डोंगरांत, इंडोनेशियाच्या पापुआ भागात, युगांडा, केनिया, टांझानिया, दक्षिण सुदान, चाड, काँगो, मादागास्कर इथे. शेजारच्या बांगलादेशात एमएएफने पाण्यावर उतरणारं कॅराव्हान वापरलं आहे. या विमानांतून भाषांतरकार आणि सुवार्तिक जातात, तसेच लसींचे खोके, बाळंतपणात अडलेल्या बाया, शाळेची पुस्तकं आणि छपराचे पत्रेही जातात. डोंगरातली चार दिवसांची पायपीट वीस मिनिटांवर येते.

विमानं लहान असतात. सेस्ना २०६ हे सहा आसनांचं, पिस्टन इंजिनचं. सेस्ना कॅराव्हान हे त्याहून मोठं, टर्बाइनचं, म्हणजे जेटच्या जातीच्या इंजिनाचं. आणि कोडियाक १००. कोडियाकची गोष्ट मेकॅनिकला माहीत असावी. पिस्टन इंजिनाला लागणारं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, दुर्गम देशांत मिळेनासं झालं, मिळालं तर फार महाग पडू लागलं. जेटचं इंधन मात्र बहुतेक ठिकाणी मिळतं. म्हणून मिशन संस्थांची गरज डोळ्यांपुढे ठेवून अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात सँडपॉइंट गावी हे विमान तयार झालं, २००७ मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळालं. आखूड, ओबडधोबड पट्टीवरून उठणारं, ७५० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने प्रोपेलर फिरवणारं.

यातून विद्यार्थ्याने लक्षात ठेवायचं ते हे: पिस्टन आणि टर्बाइन, दोन्ही हातांखालून जायला हवं. विमानकंपनीच्या हँगरमध्ये एकजण चाकं बघतो, दुसरा इंजिन, तिसरा वायरिंग. जंगलाच्या तळावर पत्रा ठोकण्यापासून मॅग्नेटोपर्यंत (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) सगळं त्याच दोन-तीन माणसांना करावं लागतं.

बारावीपर्यंत

भारतात एएमईच्या कोर्सला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. अकरावीला कॉमर्स घेतलेली मुलं नंतर माझ्याकडे येतात तेव्हा वाईट वाटतं, म्हणून हे दहावीतच सांगून ठेवा.

मराठी माध्यमातली मुलं इंग्रजीला घाबरतात. मॅन्युअलचं इंग्रजी कवितेचं नसतं. ठरावीक दीड-दोन हजार शब्द, छोटी आज्ञार्थी वाक्यं. रोज एक पान मोठ्याने वाचायचं आणि त्यात काय करायला सांगितलंय ते मराठीत आईला समजावून द्यायचं. सहा महिन्यांत भीती जाते. आपल्या भाषेत समजावता आलं तरच समजलं, हे मी अजूनही नव्या ट्रेनींना सांगतो.

आणि हात चालू द्या. सुट्टीत गावातल्या गॅरेजमध्ये बसा, मोटरसायकलचा कार्ब्युरेटर उघडा, शेतातला पंप खोला. नट किती आवळला की पुरे आणि कुठे थांबलं नाही की आटे जातात, ते बोटांना कळावं लागतं.

लायसन्स कोणतं घ्यायचं

इथे घाई करू नका. इथली चूक चार-पाच वर्षांनी कळते.

विमानाच्या अंगावर मोठी अक्षरं लिहिलेली असतात, तिथून सुरुवात करा. आपल्याकडच्या विमानावर व्हीटी, पापुआ न्यू गिनीच्या विमानावर पी२, केनियाच्या ५वाय, युगांडाच्या ५एक्स, इंडोनेशियाच्या पीके, अमेरिकेच्या एन. ज्या देशात विमान नोंदलेलं असतं त्या देशाचे नियम त्याला लागू होतात आणि दुरुस्तीनंतर 'हे उडायला योग्य आहे' अशी सही करायला त्या देशाचं लायसन्स किंवा त्या देशाने दिलेली मान्यता लागते. भारताचं लायसन्स खिशात घेऊन नैरोबीला उतरलात की लगेच सही करता येते, असं नाही. पण त्या लायसन्सच्या आणि अनुभवाच्या जोरावर तिथली मान्यता मिळवण्याची वाट मोकळी होते. म्हणून आधी तुम्हाला ज्या संस्थेबरोबर जायचंय तिला पत्र लिहून विचारा: तुमच्या कोणत्या देशांत कोणतं लायसन्स चालतं? हा प्रश्न बारावीनंतर विचारायचा, कोर्स संपल्यावर नव्हे.

*भारतातली वाट.* डीजीसीए, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, सीएआर-६६ नियमांखाली एएमई लायसन्सचे प्रकार आहेत. बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनची विमानं, बी१.२ म्हणजे पिस्टन इंजिनची विमानं, बी१.३ आणि बी१.४ हेलिकॉप्टरसाठी, बी२ एव्हिऑनिक्ससाठी, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी. अभ्यास मॉड्यूलमध्ये वाटलेला असतो. गणित, भौतिकशास्त्र, वीज, साहित्य आणि हार्डवेअर, देखभालीच्या पद्धती, मानवी घटक, कायदा हे सगळ्यांना. मग टर्बाइनवाल्याला मॉड्यूल १५, पिस्टनवाल्याला १६, प्रोपेलरचं १७ दोघांनाही. प्रत्येक पेपरला ७५ टक्के लागतात, आणि मॉड्यूल ७, ९ आणि १० (देखभालीच्या पद्धती, मानवी घटक, कायदा) मध्ये निबंधवजा उत्तरंही लिहावी लागतात. पास झालात तरी लायसन्स लगेच हातात येत नाही. चालत्या विमानांवर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो: मान्यताप्राप्त कोर्स केला असेल तर बी१.२ साठी एक वर्ष, बी१.१ साठी दोन.

जवळजवळ सगळी मुलं बी१.१ घेतात, कारण एअरलाइनची नोकरी तिथे आहे. मिशनला जायचं असेल तर माझा सल्ला असा की बी१.१ जरूर घ्या, पण बी१.२ चे पेपरही द्या. बरेचसे विषय एकच आहेत. थोडी जास्तीची मेहनत, आणि २०६ वर हात घालायची लायकी येते.

संस्था निवडताना तीन गोष्टी स्वतः तपासा. डीजीसीएची सीएआर-१४७ मान्यता, म्हणजे प्रशिक्षण संस्थेची मान्यता, आजच्या तारखेला आहे का, आणि ती कोणत्या प्रकारासाठी आहे, हे डीजीसीएच्या यादीत बघा, माहितीपत्रकात नाही. वर्कशॉपमध्ये चालू होणारं इंजिन आहे का, ते डोळ्यांनी बघा. आणि प्रत्यक्ष विमानांवरचं ट्रेनिंग कुठे मिळणार, त्या जागेचं नाव विचारा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने शेतीचा तुकडा विकून फी भरली आणि तिसऱ्या वर्षी कळलं की विमानांवरच्या कामाची सोय मुलाने स्वतःच शोधायची आहे. त्याने ती शोधली, पण त्यात दीड वर्ष गेलं.

*अमेरिकेतली वाट.* मिशनच्या हवाई सेवेत सर्वांत जास्त चालणारं नाव म्हणजे अमेरिकेच्या एफएएचं, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक प्रशासनाचं, 'ए अँड पी', एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन). याचा मोठा फायदा असा की त्यात पिस्टन-टर्बाइन असे वेगळे भाग नाहीत. तोच माणूस सकाळी २०६ आणि दुपारी कोडियाक हाताळू शकतो. वय किमान १८. दोन मार्ग: मान्यताप्राप्त शाळा पूर्ण करा, किंवा दोन्ही भागांच्या कामाचा मिळून ३० महिन्यांचा अनुभव पुराव्यानिशी दाखवा. मग तीन लेखी परीक्षा, जनरल, एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट, आणि त्यानंतर परीक्षकापुढे तोंडी व प्रत्यक्ष काम. लेखीला ७० टक्के.

मिशनसाठीच शिकवणाऱ्या जागा तिथे आहेत. मूडी बायबल इन्स्टिट्यूटने हवाई प्रशिक्षण १९४६ मध्येच सुरू केलं. मिशिगनमध्ये आयोनिया गावी 'स्कूल ऑफ मिशनरी एव्हिएशन टेक्नॉलॉजी' आहे. टेक्सासच्या लाँगव्ह्यूमध्ये लटूर्नो विद्यापीठ आहे, तिथे पदवीबरोबर हे शिकता येतं. आणि ओहायोतल्या कोशॉक्टन गावची एमएमएस एव्हिएशन मला सर्वांत जास्त आवडते, कारण तिथे वर्गापेक्षा हँगर मोठा. मिशन संस्थांची विमानं तिथे दुरुस्तीला येतात, आणि शिकाऊ माणूस अनुभवी मेकॅनिकच्या देखरेखीखाली त्या खऱ्या विमानांवर काम करत ३० महिने भरून काढतो.

भारतीय मुलासाठी अडचण व्हिसाची आणि पैशांची. धंदेशिक्षणासाठी एम-१, विद्यापीठासाठी एफ-१ असे वेगळे व्हिसा असतात. कोणत्या संस्थेला कोणता देता येतो ते त्यांनाच लेखी विचारा, एजंटला नको. अमेरिकेबाहेर राहून एफएएचं प्रमाणपत्र मागणाऱ्या परदेशी माणसाला त्याची गरज का आहे, म्हणजे बाहेर असलेल्या अमेरिकी नोंदणीच्या विमानासाठी ते लागतं, हे दाखवावं लागतं. "इथेच अनुभव भरून परीक्षा देऊन टाकतो" असं ठरवण्याआधी हे माहीत हवं.

घरची परिस्थिती साधारण असलेल्या मुलाला मी भारतातली वाट आधी सुचवतो. बारावी, कोर्स, अनुभव, लायसन्स, मग दोन-तीन वर्षं लहान विमानांवर नोकरी. संस्थेकडे अर्ज करेपर्यंत वय पंचविशी-सव्विशी. हे उशिरा वाटतं, पण तळावर पाऊल ठेवणाऱ्या माणसाला तिथे शिकवत बसायला कुणी मोकळं नसतं.

एअरलाइनचा मोह आणि फ्लाइंग क्लब

लायसन्स हातात आलं की एअरलाइनमधला पगार दिसतो. घरचे म्हणतात, चार वर्षं तिकडे कर, मग जा सेवेला. एअरलाइनमध्ये शिस्त शिकायला मिळते, कागदपत्रं काटेकोर असतात, यात शंका नाही. पण तिथे बिघडलेला भाग काढून नवा बसवतात. सिलिंडर उतरवणं, व्हॉल्व्ह बघणं, पत्र्याला ठिगळ लावणं, प्रोपेलरला लागलेला दगडाचा टवका कानसून गुळगुळीत करणं, हे तिथे हाताला लागत नाही. कानसताना मॅन्युअलची मर्यादा पाळावी लागते. पण तो टवका तसाच ठेवला तर त्यातून तडा सुरू होऊ शकतो, आणि खडीच्या पट्टीवर असे टवके रोजचेच.

म्हणून अनुभव फ्लाइंग क्लबमध्ये घ्या. जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब आहे. बारामती, धुळे, गोंदिया इथेही उड्डाणाचं प्रशिक्षण चालतं. विद्यार्थी पायलट विमानं आपटत-आपटत उतरवतात, त्यामुळे टायर, ब्रेक, नाकाचं चाक यांचं काम भरपूर मिळतं. पगार कमी. पण २०६ च्या मेकॅनिकला जे लागतं ते सेस्ना १५२ आणि १७२ वर शिकता येतं.

हाताने काय यायला हवं

यादी मोठी आहे. तीन गोष्टी जवळून सांगतो.

ऑइल फिल्टर. ५० तासांनी तेल बदलताना फिल्टर निघतो. तो फेकायचा नाही, उघडायचा. करवतीने नव्हे, कारण करवतीचा कीस आत पडतो आणि मग इंजिनातला कण कुठला नि तुमचा कुठला हे कळत नाही. त्यासाठी फिरवून कापायचं कटर असतं. आतल्या कागदाच्या घड्या सुरीने मोकळ्या करायच्या, पिळून तेल काढायचं आणि उजेडात पसरायच्या. आता त्यावरून हळूच चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंडी: कॅम, टॅपेट किंवा गिअर झिजत असतील. चिकटलं नाही पण चांदीसारखं चमकतंय ते ॲल्युमिनियम: पिस्टनकडे किंवा पिस्टन पिनच्या टोपणाकडे बघा. पिवळसर दिसलं तर कुठलं तरी बुश. एक-दोन बारीक कणांनी घाबरायचं नाही, पण ते कागदात गुंडाळून तारीख आणि तास लिहून ठेवायचे. पुढच्या ५० तासांनी शेजारी ठेवून बघायचं. वाढले की इंजिन काहीतरी सांगतंय.

कॉम्प्रेशन. इंजिन गरम असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडायची आणि किती टिकते ते दाब दाखवणाऱ्या दुसऱ्या घड्याळावर वाचायचं. ७४ आलं, बरं आहे. ५५ आलं, तर आकडा लिहून पुढे जायचं नाही, कान लावायचा. एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. तेल भरायच्या तोंडातून येत असेल तर रिंगा. हवा आत येण्याच्या बाजूने येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह. या कामात प्रोपेलर घट्ट धरायला एक माणूस लागतो आणि तो कुठे उभा आहे हे हवा सोडण्याआधी बघायचं. ८० पौंडांचा दाब पातं असं फिरवतो की हात मोडेल.

लॉकवायर. नट किंवा प्लग कंपनाने ढिला होऊ नये म्हणून भोकातून तार ओवून पीळ देतात. ०.०३२ इंचाच्या तारेला इंचाला साधारण सहा ते आठ पीळ. पहिल्या वर्षी मी एका फिल्टरला तार बांधली. पीळ इतके एकसारखे की मीच बघत राहिलो. आमचे वरिष्ठ आले, टॉर्च मारली, कातर घेतली आणि कट करून टाकली. तारेचं रीळ माझ्या हातात दिलं. मी पुन्हा बांधली, त्यांनी पुन्हा कापली. तिसऱ्यांदा त्यांनी माझं बोट धरून फिल्टरवर ठेवलं आणि विचारलं, "हा सुटायला लागला तर कुठे फिरेल?" मी दाखवलं. "मग तुझी तार त्याला कुठे ओढतेय?" माझी तार त्याला सुटायच्याच दिशेला ओढत होती. तेव्हापासून तार ओवण्याआधी मी बोट ठेवून बघतो, आणि ट्रेनीलाही तेच करायला लावतो.

यांच्या पलीकडे रिव्हेट मारणं आहे. एकजण गन धरतो, दुसरा मागे डॉली, म्हणजे टेकू देणारा लोखंडी ठोकळा. दाबलेलं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच यावं. दोघांचं मन जुळल्याशिवाय सरळ रिव्हेट बसत नाही. नवरा-बायको दोघं मिळून हे करताना मी पाहिली आहेत, आणि फार छान करत होती.

इंधनातल्या पाण्याचं वेगळं सांगतो, कारण ते जिवावर बेततं. दुर्गम तळांवर इंधन पिंपांतून येतं. पावसात उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या झाकणावर पाणी साचतं, रात्रीच्या गारव्यात हवा आकसली की ते आत ओढलं जातं. म्हणून पिंपं आडवी ठेवायची, इंधन गाळून भरायचं, आणि रोज सकाळी टाकीच्या तळातून पारदर्शक पेल्यात नमुना काढायचा. एव्हगॅस निळं असतं, पाण्याचा थेंब तळाशी गोळीसारखा वेगळा दिसतो. सगळा पेला रंगहीन दिसला तर खूश होऊ नका, तो पूर्ण पाण्याचाही असू शकतो.

लिहून ठेवणं

पहिल्या दिवसापासून स्वतःची कामाची वही ठेवा. तारीख, विमानाची नोंदणी, काय केलं, मॅन्युअलचा कोणता भाग वापरला, कुणाच्या देखरेखीखाली, त्यांची सही आणि लायसन्स क्रमांक. सही त्याच आठवड्यात घ्या. माणसं नोकऱ्या बदलतात, क्लब बंद पडतात, आणि तीन वर्षांनी एखाद्या परदेशी अधिकाऱ्यापुढे तुमच्या वहीशिवाय तुमच्या बाजूने बोलायला कुणी नसतं.

सही आणि पेशंट

हे मिशनच्या कामातलं सर्वांत अवघड आहे, आणि त्याची तयारी इथूनच करावी लागते.

समजा, डोंगरातल्या एका पट्टीवर बाळंतपणात अडलेली बाई आहे. रेडिओवर निरोप आलाय. पायलट इंजिन तापवून मॅग्नेटो तपासतो. एका वेळी एकाच मॅग्नेटोवर चालवलं तर इंजिनाचे मिनिटाचे फेरे १५० पेक्षा जास्त पडायला नकोत आणि दोघांमधला फरक ५० च्या आत हवा. इथे डावा २५० पडतोय आणि इंजिन खडखडतंय. प्लगवर शिसं साचलं असेल तर मिश्रण पातळ करून, फेरे वाढवून ते जाळता येतं, मॅन्युअलमध्ये तशी पद्धत असते. केलं. तरी २५०. सगळे तुमच्याकडे बघतायत. कुणीतरी म्हणतं, "प्रार्थना करून निघू, प्रभू सांभाळेल."

अशा वेळी प्रार्थना जरूर करा, आणि काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडा. प्लग काढा, सिरॅमिकला तडा गेलाय का बघा, हार्नेस, म्हणजे प्लगच्या वायरा, तपासा. तासाभरात बरं झालं तर विमान जाईल. नाही झालं तर जाणार नाही, आणि हे तुम्हालाच सांगावं लागेल, त्या बाईच्या नवऱ्याचा आवाज रेडिओवर ऐकू येत असताना. विमान पडलं तर पायलट, ती बाई आणि पुढच्या वर्षभरातले सगळे पेशंट जातात, हे त्या क्षणी त्या नवऱ्याला समजावता येत नाही. मी कुणाला खोटा धीर देत नाही, ती रात्र जड जाते. पण विश्वासाच्या नावाखाली सही मागणारा माणूस विश्वासू असू शकतो आणि तरीही त्या घटकेला चुकत असू शकतो. त्याच्याशी प्रेमाने आणि ठामपणे बोलायची सवय इथल्या हँगरमध्येच लावून घ्या, जिथे घाईत असलेला मालक फक्त ओरडतो.

याच कारणाने कंट्रोलच्या तारा, एलेरॉन (पंखावरची झुकवणारी झडप), एलिव्हेटर (शेपटावरची नाक वर-खाली करणारी झडप) यांना हात लावला की दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासणी करायची असते. तारा उलट बांधल्या गेल्या तर पायलट डावीकडे वळवतो आणि विमान उजवीकडे झुकतं. तळावर दुसरा मेकॅनिक नसला की "मीच पुन्हा बघतो" असं वाटतं. आपलीच चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही. दुसरा माणूस येईपर्यंत विमान उभं ठेवा.

पाचारण, पवित्र शास्त्र आणि पैसे

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे की नुसतं वेड, हे एकट्याने ठरवू नका. पाळक, घरची माणसं, आणि तुम्हाला रोज काम करताना बघणारा एखादा वरिष्ठ, तो ख्रिस्ती नसला तरी चालेल, या तिघांना विचारा. बायबलच्या निर्गम पुस्तकात कारागीर बसालेलाला देवाच्या आत्म्याने कशासाठी भरलं? सोनं, रुपं, लाकूड, दगड यांच्या कारागिरीसाठी. पौल तंबू शिवत होता. तेव्हा ग्रीसने काळे झालेले हात घेऊन साक्ष द्यायला उभं राहायला संकोच नको.

बहुतेक संस्था पवित्र शास्त्राच्या थोड्या तरी अभ्यासाची अपेक्षा ठेवतात. आपल्याकडे पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, जी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आली. पूर्ण पदवी करायची गरज नाही, पण ज्यांच्याबरोबर राहणार ते बायबलच्या भाषांतराचं काम करत असतील तर ते कशासाठी झटतायत हे कळायला हवं. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून बायबल मराठीत आणलं, त्यासाठी त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ते समजायला अवघड जाऊ नये.

पैशांचं स्पष्ट बोलतो. या संस्थांमध्ये बरेचदा पगार नसतो, आधार असतो: मंडळ्या आणि ओळखीची माणसं दर महिन्याला ठरलेली रक्कम देतात. तो आधार तुम्हालाच उभा करावा लागतो. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असेल तर आधी ते फेडा, म्हणूनही ती दोन-तीन वर्षांची नोकरी उपयोगी पडते. भारतातली कोणतीही संस्था परदेशातून देणग्या घेणार असेल तर तिला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परवानगी लागते, तेव्हा पैसे कोणत्या मार्गाने येणार हे सुरुवातीलाच संस्थेकडून लेखी घ्या. आणि आई-वडील म्हातारपणी कुणाकडे राहतील, हा प्रश्न भावंडांबरोबर जेवायला बसून मिटवा, निघायच्या आठवड्यात नको.

लग्न झालेलं असेल तर अर्ज दोघांचा समजा. मुलांची शाळा, मलेरिया, एकटेपणा हे बायकोच्या वाट्याला जास्त येतं. तिचं मन नसेल तर थांबा.

अर्ज आणि निघण्याची तयारी

अर्ज केल्यावर मुलाखती, शिफारशी, वैद्यकीय तपासणी होते, आणि बहुतेक ठिकाणी हाताच्या कामाचीही परीक्षा घेतात. तिथे वेगापेक्षा मॅन्युअल उघडता का, हत्यारं मोजून परत ठेवता का, चूक झाली तर स्वतःहून सांगता का, हे बघतात. एखाद्या संस्थेने नकार दिला तर कारण विचारा. कधी नुसता टर्बाइनचा अनुभव कमी पडलेला असतो, आणि तो वर्षभरात भरता येतो.

केनिया, युगांडासारख्या देशांत जाऊन येण्यासाठी पिवळ्या तापाची लस लागते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. मार्कशीट, लायसन्स, अनुभवाची पत्रं यांच्या साक्षांकित प्रती दोन संच करून एक घरी ठेवा. सामानात स्वतःची चांगली टॉर्च, लवचीक दांड्याचा आरसा आणि लॉकवायरची पक्कड असू द्या. बाकी हत्यारं तळावर असतात, पण या तीन गोष्टी हाताच्या सवयीच्या असाव्यात.

आणि विमानात बसण्याआधी तिथल्या भाषेचे शंभर शब्द पाठ करा. स्वाहिलीत पान्याला 'स्पाना' म्हणतात, आणि पक्ष्याला व विमानाला मिळून एकच शब्द आहे, 'न्देगे'. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिनमध्ये विमान म्हणजे 'बालुस', मुळात कबुतर. तळावरचा हेल्पर पहिल्या सकाळी तुम्हाला 'न्देगे' दाखवायला नेईल तेव्हा त्याच्या मागे जा, इंधनाचा पेला मागून घ्या, आणि टाकीच्या तळाचा नमुना त्याच्या शेजारी उभं राहून काढा.